द्विधावी एंजिन आणि त्याची निष्कास-नळी

दूरनियंत्रणावर धावणाऱ्या छोट्या मोटारींच्या एंजिनास एक फुगीर नळी जोडलेली असते. व्यवहारात तिला 'सायलेन्सर' म्हणतात. एखादे नाव रूढ झाले, की वस्तूचे कार्यही त्या नावावरूनच ठरविण्याची मनास सवय लागते. ही नळी केवळ आवाज दाबण्यासाठी असेल, तर ती काढून टाकल्यास एंजिन मोकळे होईल व त्याची शक्ती वाढेल, असा तर्क या नावातून सहज निघतो. हा तर्क चुकीचा आहे, आणि त्याचे मोल एंजिनास द्यावे लागते. नळीतील वायूची कंपने हा ध्वनिविज्ञानाचाही विषय असल्यामुळे त्याचे विवेचन प्रस्तुत पत्रिकेत अस्थानी ठरू नये.

प्रथम एंजिनाची रचना पाहू. ही एंजिने बहुधा 2.1 किंवा 3.5 घन सेंटिमीटर क्षमतेची असतात. मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांचे मिश्रण हे त्यांचे इंधन. प्लॅटिनमयुक्त तारेच्या तप्त वेटोळ्याने ते पेटते. त्यांत झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे दट्ट्या स्वतःच उघडतो व झाकतो. दट्ट्या खाली येताना प्रथम निष्कास-द्वार उघडते, मागाहून ताज्या मिश्रणाचे द्वार उघडते. वर जाताना हाच क्रम उलट होतो : ताज्या मिश्रणाचे द्वार आधी बंद होते आणि निष्कास-द्वार शेवटी. अर्थात, जळके वायू हुसकावणारे ताजे मिश्रणही काही अंशी त्यांच्यामागोमाग बाहेर निसटते. द्विधावी एंजिनाचे हे जन्मजात वैगुण्य होय.

या वैगुण्यावरील उपाय नळीच्या आकारात आहे. निष्कास-द्वार उघडताच दाबाची एक लाट नळीतून ध्वनिवेगाने पुढे जाते. नळी जेथे रुंदावत जाते, तेथून विरलनाची लाट परत फिरते व सिलिंडरमधील उरलेले वायू ओढून घेते. पुढे नळी पुन्हा निमुळती होते. तेथून मात्र दाबाचीच लाट परतते. ही दुसरी लाट द्वार बंद होण्याच्या किंचित आधी पोहोचली, तर बाहेर निसटलेले ताजे मिश्रण ती पुन्हा आत ढकलते. झडपेचे काम येथे केवळ एक लाट करते.

सर्व भिस्त वेळेवर आहे हे एका गणिताने स्पष्ट होईल. मिनिटास 30,000 फेरे या गतीला एका फेऱ्यास 2 सहस्रांश सेकंद लागतात. निष्कास-द्वार अर्धा फेरा उघडे राहते असे धरल्यास लाटेस 1 सहस्रांश सेकंद मिळतो. तप्त वायूतील ध्वनिवेग सेकंदास सुमारे 500 मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाट 50 सेंटिमीटर जाते. म्हणजे परावर्तनाचे स्थान द्वारापासून सुमारे 25 सेंटिमीटरवर हवे. हीच नळी 15,000 फेऱ्यांना प्रतिकूल ठरते, कारण लाट द्वार अर्धा वेळ उघडे असतानाच परतते व आत येऊ पाहणाऱ्या मिश्रणास अडविते. 40,000 फेऱ्यांना ती पोहोचते तेव्हा द्वार बंद झालेले असते. यास्तव नळी लांबविली तर कमी गतीला जोर मिळतो व आखूड केली तर अधिक गतीला. दोन्ही लाभ एकाच नळीने पूर्णपणे साधत नाहीत.

स्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यास येथे मुखविवराची आठवण होईल. सुमारे 17.5 सेंटिमीटर लांबीच्या, एका टोकास बंद व दुसऱ्या टोकास उघड्या नळीचे पहिले अनुनादस्थान 500 हर्ट्‌झच्या आसपास असते, हे तो जाणतोच. परंतु साम्य येथेच थांबते. घोषतंतूंची कंपने व मुखविवराचा आकार ही बहुतांशी परस्परनिरपेक्ष असतात. म्हणूनच एकच 'आ' आपण निरनिराळ्या पट्टीत म्हणू शकतो. एंजिनात नळीतून परतणारी लाट उगमस्थानावरच परिणाम करते. या दृष्टीने त्याचे नाते कंठापेक्षा सनईशी जवळचे आहे, कारण सनईची पत्ती नळीतून परतणाऱ्या लाटेच्या आज्ञेत राहते. भेद इतकाच, की एंजिनाचे द्वार दट्ट्याच्या गतीनेच उघडते. नळी फक्त कोणत्या गतीस साह्य करावयाचे ते ठरविते.

या तत्त्वाची शर्यतीच्या मोटारसायकलींतील परिणती पूर्व जर्मनीतील एम्‌झेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी घडविली. त्यांच्या 125 घन सेंटिमीटरच्या एंजिनाने 1961 पर्यंत सुमारे 25 अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे 200 अश्वशक्ती, गाठली. त्याच वर्षी स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि ते ज्ञान सुझुकीकडे पोहोचले. 1962 साली 50 घन सेंटिमीटर वर्गाचे जगज्जेतेपद त्याने सुझुकीवरच मिळविले.

आता नळी काढणाऱ्याचे काय होते ते पाहू. परतणारी लाट नाहीशी होऊन शक्ती घटते, हे एक. दुसरे अधिक घातक आहे. नळीवरील एका बारीक तोटीतून काही दाब इंधनाच्या टाकीस दिलेला असतो व त्यानेच इंधन कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते. नळी निघाली किंवा तिचा सांधा गळू लागला, की हा दाब पडतो, मिश्रणात इंधन व त्याबरोबर तेलही कमी येते, एंजिन अतिशय तापते आणि दट्ट्या व सिलिंडर झिजतात. शेपटाकडील छिद्रही मनाप्रमाणे रुंद अगर अरुंद करून चालत नाही : रुंद केल्यास दाब उरत नाही, अरुंद केल्यास उष्णता कोंडते.

तात्पर्य, आवाज कमी करणे हे या नळीचे गौण कार्य असून सिलिंडर भरण्यास साह्य करणे हे मुख्य आहे. 'सायलेन्सर' हा शब्द रूढ आहे व तो राहीलही. परंतु परिभाषा घडविणाऱ्याने रूढ नावापाशी न थांबता कार्याकडे पाहावे. 'निष्कास-नळी' हा शब्द निदान चुकीचे सांगत नाही; 'अनुनाद-नळी' म्हटल्यास अर्धे स्पष्टीकरण शब्दातच येते.