हृदयशस्त्रक्रिया आणि वाणी : मालवणी मुलखाच्या निमित्ताने

जन्मजात हृदयदोषास आपल्याकडे बोलण्यात सरसकट ‘हृदयाला भोक’ असे म्हटले जाते. हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ मुलांत आढळणाऱ्या या दोषांचे प्रकार अनेक असून भोक हा त्यांपैकी केवळ एक होय. परंतु या शब्दप्रयोगाने एक समजूत रुजविली आहे, ती ही की भोक बुजले म्हणजे प्रकरण मिटले. साध्या छिद्राच्या बाबतीत ती पुष्कळशी खरी आहे. गुंतागुंतीच्या दोषांत मात्र ती टिकत नाही. फॅलोच्या चतुर्दोषाची दुरुस्ती झालेल्या अनेकांना पुढे तारुण्यात फुप्फुसाकडील झडप बदलून घ्यावी लागते. आणि हृदय उत्तम चालू असतानाही काही परिणाम अशा ठिकाणी प्रकट होतात, की जेथे हृदयरोगतज्ज्ञाचे लक्ष सहसा जात नाही. वाणी हे असे एक ठिकाण आहे.

सर्वांत सरळ संबंध शरीररचनेचा. डाव्या स्वरतंत्रीस हालविणारा मज्जातंतू मेंदूकडून थेट कंठात येत नाही; तो छातीत उतरतो, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि मग वर कंठाकडे परततो. याच वळणापाशी गर्भावस्थेत उघडी असणारी व जन्मानंतर मिटावयाची धमनीनलिका असते. ती न मिटल्यास शस्त्रक्रियेने बांधता येते. बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली ती प्रथम यशस्वीपणे बांधली. अर्भकाच्या छातीत ही जागा अतिशय अरुंद असते. मज्जातंतूस इजा पोचली तर स्वरतंत्री निश्चल होते : रडणे क्षीण, दूध पिताना ठसका, पुढे घोगरा आवाज. काही मुलांत हालचाल परत येते, काहींत येत नाही. असे मूल एका श्वासात लांब वाक्य पुरे करू शकत नाही आणि ऐकणारास ते अडखळते असे वाटते. वस्तुतः भाषा त्याच्याजवळ असते, श्वास पुरत नाही.

मेंदूवरील परिणाम अधिक आडवळणाचे आहेत. बोस्टन येथेच १९८८ ते १९९२ या काळात, दोन मुख्य धमन्यांच्या जागा उलट असलेल्या १७१ अर्भकांचा अभ्यास हाती घेण्यात आला. शस्त्रक्रियेच्या वेळी एका गटात शरीर थंड करून रक्ताभिसरण मुख्यतः थांबविले गेले, दुसऱ्यात यंत्राने मंद प्रवाह चालू ठेवला. आठव्या वर्षी १५५ मुले तपासली तेव्हा बुद्धिमापनाची सरासरी सर्वसामान्यांच्या जवळपास निघाली. परंतु अभिसरण थांबविलेल्या गटात उच्चारांची जुळणी आणि शब्दातील ध्वनी वेगळे ओळखणे या गोष्टी अधिक दुबळ्या आढळल्या. दुसऱ्या गटात वर्तनाच्या तक्रारी अधिक होत्या. तेव्हा निर्दोष अशी पद्धत कोणतीच ठरली नाही. सोळाव्या वर्षी तपासलेल्या १३९ मुलांपैकी ६५ टक्क्यांना अभ्यासासाठी वा अन्य कारणाने विशेष साहाय्य घ्यावे लागले होते.

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात या प्रश्नास एक वेगळे वळण मिळते. येथील मूल घरी ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ म्हणते व शाळेत ‘मला’, ‘तुला’, ‘कुठे’ शिकते. पहिल्या इयत्तेत ते गप्प राहिले तर शिक्षक कारण बोलीत शोधतात. घरी ‘झील शांत आसा’ एवढ्यावर भागते. ही स्पष्टीकरणे पुष्कळदा बरोबरच असतात, आणि अडचण नेमकी तीच आहे.

अनुनासिकाचे उदाहरण घ्यावे. बाविसाव्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळाल्याने होणाऱ्या विकारात हृदयदोषाबरोबर टाळूचाही दोष वारंवार असतो. मृदुतालू घशाच्या मागील भिंतीस नीट टेकत नाही व तोंडातील हवा नाकावाटे निसटते. मालवणीत अनुनासिक स्वर विपुल असल्यामुळे मुलाचे ‘नाकात बोलणे’ कोणास खटकत नाही. परंतु बोलीचे अनुनासिकत्व स्वरांचे असते; ते प, ब, त, द यांना शिवत नाही. टाळूच्या दोषात नेमके हेच स्पर्शवर्ण ढासळतात : ‘बाबा’ हे ‘मामा’सारखे, ‘दादा’ हे ‘नाना’सारखे ऐकू येते. मुलास ‘पापड’ म्हणावयास सांगून नाकपुडीखाली थंड आरसा धरावा. उच्चाराबरोबर त्यावर बाष्प धरले, तर तो बोलीचा गुण नव्हे. तज्ज्ञाकडे पाठविण्यास एवढे पुरे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरविलेली आहे. तिच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे आणि भाषाविकासातील विलंबही आहे. मात्र हे दोन निरनिराळे रकाने होत. ज्या मुलाच्या छातीवर अर्भकावस्थेतील शस्त्रक्रियेचा व्रण आहे, त्याच्यापुरता दुसरा रकाना तक्रार नसतानाही पाहिला जावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. अशा मुलांच्या विकासाची नियमित तपासणी व्हावी, अशी शिफारस अमेरिकन हृदयसंघटनेने २०१२ मध्येच केली आहे. तपासणारा मात्र मालवणी समजणारा हवा. ‘खय’ म्हणणाऱ्यास ‘कुठे’ येत नाही म्हणून गुण कापले, तर निरोगी मूलही दोषी ठरेल. ‘बोलीच ती’ म्हणून सारेच सोडून दिले, तर खरा दोष निसटेल. यास्तव कसोटीचे शब्द घरच्या बोलीतून घ्यावेत. आणि मुलाकडून एखादा प्रसंग, जत्रेचा किंवा रापण ओढल्याचा, सांगवून घेऊन तो त्याच वाडीतील समवयस्क चार मुलांच्या सांगण्याशी ताडून पाहावा.