मोठा कॉम्प्रेसर म्हणजे जास्त गारवा?

जुन्या अमेरिकी ट्रकचा एसी दुरुस्त करताना ‘कॉम्प्रेसर मोठा घेतला की केबिन जास्त गार होते’ असा समज सर्रास आढळतो. वास्तविक कॉम्प्रेसर गारवा तयार करत नाही. केबिनमधली उष्णता शोषून आलेला रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारा वायू) दाबून तो कंडेन्सरकडे (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) ढकलतो. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करत नाही, फक्त उपसतो, तसेच हे.

जनरल मोटर्सचा सहा सिलिंडरचा ए-६ कॉम्प्रेसर एका फेऱ्यात सुमारे २०६ घन सेंटिमीटर वायू ओढतो, पण तो बराच जड असतो. दोन सिलिंडरचा यॉर्क २१० सुमारे १६९ ओढतो. मात्र त्याची थरथर जास्त. पाच सिलिंडरचा सँडेन एसडी-५०८ जेमतेम १३८ ओढतो, तरी हलका असून एकसारखा चालतो. कंडेन्सर लहान असेल, जाळीत धूळ बसली असेल किंवा पंखा मंद असेल, तर मोठ्या कॉम्प्रेसरने दाब आणि इंजिनवरचा भार तेवढा वाढतो. म्हणून आधी कंडेन्सर आणि पंखा तपासावा, कॉम्प्रेसर मागाहून निवडावा.