चौथा गोल कुणाला हवा होता?

२ सप्टेंबर २००९. चीनच्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगमध्ये छिंगदाओ हाइलिफंग आणि सिचुआन या दोन संघांचा सामना चालू होता. छिंगदाओचा संघ ३-० असा पुढे होता आणि सामना संपायला थोडाच वेळ उरला होता. अशा वेळी जिंकणारा संघ काय करतो? चेंडू आपसात फिरवतो, वेळ काढतो, पंचांच्या शिट्टीची वाट पाहतो. छिंगदाओच्या खेळाडूंनी मात्र भलताच उद्योग आरंभला. त्यांनी चेंडू आपल्याच गोलकडे आणला. गोलरक्षक जागा सोडून पुढे येऊन उभा राहिला आणि त्यांच्याच एका खेळाडूने चेंडू त्याच्या डोक्यावरून उचलून आपल्याच जाळ्यात टाकायचा प्रयत्न केला. नेम चुकला. चेंडू बाहेर गेला आणि सामना ३-० असाच संपला.

उलगडा पुढे पोलीस चौकशीत झाला. क्लबच्या मालकानेच सामन्यावर पैसे लावले होते. पैज कोण जिंकणार यावर नव्हती, एकूण चार गोल होणार यावर होती. तीन झाले होते, चौथा हवा होता. तो कुणी करायचा आणि कुणावर करायचा, याच्याशी मालकाला काही देणेघेणे नव्हते! फेब्रुवारी २०१० मध्ये हा क्लब लीगमधून कायमचा बाहेर काढला गेला.

हे सारे आठवायचे कारण अगदी घरगुती आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्याकडे आला, तो रोज पाच वाजले की मोबाइल घेऊन गच्चीवर जायचा. मला वाटले, मैत्रीण असेल. तसे असते तर बरे झाले असते. एक दिवस विचारले, तर म्हणाला, ‘‘मामा, शांघायची मॅच आहे.’’ चीनची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे रात्री सात पस्तीसला सुरू होणारा सामना आपल्याकडे चहाच्या वेळी, पाच वाजून पाच मिनिटांनी सुरू होतो. शांघायमधला एक खेळाडूही त्याला नावाने माहीत नव्हता. पण फोनवर कुणा अनोळखी माणसाचे निरोप येत होते. आज यजमान जिंकणार, आज बरोबरी होणार. पहिली तीन भाकिते फुकट आली आणि तिन्ही खरी ठरली. चौथ्यासाठी पाचशे रुपये मागितले, तेही खरे ठरले. भाच्याने त्यावर दोन हजार लावून थोडेफार कमावलेही. आता पाचव्या भाकिताचे पाच हजार मागत होते. परीक्षेच्या फीचे पैसे त्याच्या खात्यात होतेच.

‘‘मामा, चारपैकी चार! याला काहीतरी आतली खबर असणारच.’’

मी त्याला लगेच रागावलो नाही. कारण फुटबॉलच्या सामन्याचा निकाल आधी सांगता येतो का, हा प्रश्न मुळात वेडगळ नाही. चांगल्या चांगल्या गणितज्ञांनी त्यावर डोके चालवले आहे.

घोड्याची लाथ आणि फुटबॉलचा गोल

सिमेओं प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये एक सूत्र मांडले. क्वचित आणि कोणत्याही ठरल्या वेळेशिवाय घडणाऱ्या घटना एका ठरावीक काळात शून्य वेळा, एकदा, दोनदा किंवा तीनदा घडण्याची शक्यता किती, हे त्यातून काढता येते. १८९८ मध्ये बोर्टकिविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ते प्रशियाच्या सैन्याला लावून पाहिले. घोड्याची लाथ बसून दर वर्षी किती सैनिक मरतात, याचे आकडे त्याने जमवले आणि ते सूत्राशी छान जुळले. फुटबॉलचा गोलही असाच. तो क्वचित होतो आणि कधी होईल ते सांगून होत नाही. पुढे १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी याच पायावर, प्रत्येक संघाचे आक्रमण आणि बचाव वेगवेगळे मोजून, निकालाची शक्यता काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक संगणकी अंदाज त्याच वाटेने जातात.

घरी कागदावर करून पाहण्यासारखा हिशेब आहे. समजा, यजमान संघाकडून या सामन्यात सरासरी दीड गोल अपेक्षित आहे आणि पाहुण्या संघाकडून १.१. सूत्रात हे दोन आकडे घातले की उत्तर येते : यजमान जिंकण्याची शक्यता शंभरात ४६, पाहुणे जिंकण्याची २८, बरोबरीची २६. म्हणजे सरस आणि घरच्या मैदानावर खेळणारा संघसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा जिंकत नाही. आणि नेमका स्कोअर सांगायचा तर? सर्वांत जास्त शक्यता असलेला स्कोअर १-१, तोही शंभरात फक्त बारा वेळा. जगातला सर्वांत हुशार जाणकारसुद्धा नेमका स्कोअर सांगायला बसला, तर अशा सामन्यात आठातून सात वेळा तोंडघशी पडणार.

चीनमध्ये २००१ साली सरकारी क्रीडा लॉटरीने फुटबॉलची तिकिटे काढली, ती इटली आणि इंग्लंडमधल्या सामन्यांवर. घरच्या लीगवर नाही, ही गंमत लक्षात ठेवा. त्या लॉटरीच्या एका प्रकारात चौदा सामन्यांचे निकाल सांगावे लागतात. प्रत्येकात जिंकणे, हरणे किंवा बरोबरी असे तीन पर्याय. तीनाला तीनाने गुणत चौदाव्यांदापर्यंत गेले की होतात ४७,८२,९६९ प्रकार. त्यातला एकच खरा. एका पैजेची किंमत दोन युआन, म्हणून माणसाला वाटते, जातात तर जाऊ देत.

बुकीचे गणित याहून सोपे असते. त्याला निकाल माहीत असण्याची गरजच नाही. समजा, यजमानांवर तो शंभराचे दोनशे देतो, बरोबरीवर शंभराचे तीनशे तीस आणि पाहुण्यांवर शंभराचे तीनशे चाळीस. आता काहीही झाले तरी आपल्या हाती शंभर रुपये पडावेत, म्हणून तिन्हींवर पैसे लावून पाहा. पन्नास, तीस आणि साडेएकोणतीस, मिळून जवळजवळ एकशे दहा लागतात. हे वरचे दहा रुपये बुकीचे. ते कुठल्याच संघावर अवलंबून नसतात.

चिनी लीगचा अंदाज बांधणाऱ्याला आणखी बरेच काही पाहावे लागते. देशच एवढा मोठा की दक्षिणेच्या शेनचेनहून ईशान्येच्या छांगछुनला सामना खेळायला जायचे, तर अडीच हजार किलोमीटरहून जास्त अंतर पडते. युन्नानच्या पठारावरचे मैदान महाबळेश्वरहूनही उंच, तिथे पाहुण्यांना उत्तरार्धात धाप लागते. गोल करण्याचे काम वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंकडे राहिले. २०१८ मध्ये वू लेइ या चिनी खेळाडूने २७ गोल करून पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा २००७ नंतर प्रथमच तो मान देशातल्या माणसाला मिळाला होता. परदेशी आघाडीवीराचा पाय मुरगळला, की संघाचा अंदाज अर्धा कोसळतो. पैशाने मोठी नावे आणली, म्हणून खात्री वाढते असेही नाही. २०१७ मध्ये अर्जेंटिनाचा कार्लोस तेवेस प्रचंड मानधनावर शांघाय शेनहुआकडे आला आणि लीगमध्ये जेमतेम चार गोल करून परत गेला!

इतके सारे विचारात घेतले तरी हे गणित एका गृहीतावर उभे असते. मैदानावरचे बावीस जण जिंकायला खेळत आहेत आणि तेविसावा, शिट्टीवाला, तटस्थ आहे, हे ते गृहीत. घोडा लाथ मारायचे पैसे घेत नव्हता, म्हणून तर बोर्टकिविचचा हिशेब जुळला.

काळी शिट्टी, सोनेरी शिट्टी

चीनमध्ये व्यावसायिक लीग १९९४ मध्ये सुरू झाली. स्टेडियमे भरू लागली, कारखाने आणि बांधकाम कंपन्या संघ विकत घेऊ लागल्या. २००१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत वर जाण्याची चुरस गोलफरकावर येऊन ठेपली, तेव्हा छंगदू वूनिउने सिचुआन मिएनयांगला ११-२ असे हरवले. लगेच छांगछुन याताइने चेच्यांग ल्यूछंगवर ६-० असा विजय मिळवला. प्वासाँच्या सूत्राला अशा स्कोअरची शक्यता विचारली, तर ते लाजेल. पाच क्लबांना शिक्षा झाल्या. त्यानंतर काही क्लबमालकांनी उघड सांगितले, की आम्ही पंचांना पैसे देत होतो. पैसे खाणाऱ्या पंचाला चिनी लोक ‘काळी शिट्टी’ म्हणू लागले. गोंग च्यानपिंग नावाच्या पंचाला जानेवारी २००३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगवासातच त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि २००४ मध्ये तो गेला. पैसे घेणारा तो एकटाच होता, असे तेव्हाही कुणी मानले नव्हते.

त्याच काळात लू च्युन नावाच्या दुसऱ्या पंचाला लोक कौतुकाने ‘सोनेरी शिट्टी’ म्हणत. २००२ च्या विश्वचषकात त्याने सामने चालवले होते, आशियातला सर्वोत्तम पंच म्हणून त्याचा गौरव झाला होता. याच्या हाती सामना असला की निर्धास्त, असे चाहत्यांना वाटे. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यालाही साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. सात सामन्यांसाठी त्याने आठ लाखांवर युआन घेतले होते. त्यात २००३ चा शांघायच्या दोन संघांमधला सामनाही होता. त्या वर्षी शेनहुआने पटकावलेले विजेतेपद संघटनेने २०१३ मध्ये काढून घेतले. दहा वर्षांनी! शांघायच्या ज्या पोराने २००३ मध्ये वडिलांच्या खांद्यावर बसून तो चषक पाहिला असेल, तो तोवर नोकरीला लागला असेल.

त्याच खटल्यांत फुटबॉल संघटनेचे दोन माजी प्रमुख, श्ये यालोंग आणि नान योंग, यांना प्रत्येकी साडेदहा वर्षे मिळाली. वाटले, झाली सफाई. पण मार्च २०२४ मध्ये आणखी एका माजी अध्यक्षाला, छन श्युयुआनला, जन्मठेप झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये संघटनेने ४३ जणांवर आजन्म बंदी घातली. १२० सामने आणि ४१ क्लब संशयाच्या घेऱ्यात असल्याचे तेव्हा पोलिसांनी जाहीर केले. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संघाचा माजी प्रशिक्षक ली थिए याला वीस वर्षांची शिक्षा झाली. हा तोच ली थिए, जो इंग्लंडच्या एव्हर्टनकडून खेळला आणि ज्याची चित्रे एके काळी चिनी मुलांच्या खोल्यांत लावलेली असत.

क्लबांच्या जगण्याचे भाकीत तर त्याहून कठीण. च्यांगसू सुनिंगने नोव्हेंबर २०२० मध्ये सुपर लीग जिंकली आणि साडेतीन महिन्यांत, २८ फेब्रुवारी २०२१ ला, संघच बंद केला. आठ वेळा विजेता ठरलेला ग्वांगचौचा संघ २०२५ च्या जानेवारीत कर्ज न फिटल्यामुळे विसर्जित झाला. याच्या उलट वूहानचा ‘थ्री टाउन्स’ २०२२ मध्ये वरच्या श्रेणीत आला आणि त्याच वर्षी विजेता ठरला.

चारपैकी चार कसे?

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले आणि मलाच अडकवले. म्हणाला, ‘‘म्हणजे मॅच फिक्स असतात, हे तूच सांगतोयस. मग या माणसाला ते माहीत असेल ना!’’

बोलणे बिनतोड होते. खरोखर ठरवलेल्या सामन्याची खबर ज्याच्याकडे असेल, तो ती पाच हजारांना अनोळखी पोराला का विकेल, हे मी विचारू शकलो असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, याचीही आठवण करून देता आली असती. पण कायद्याची आठवण द्यायला मामा कशाला हवा? मी दुधाच्या बिलाचा कागद पालथा केला आणि त्यावर लिहिले : ७२९.

‘‘समज, या माणसाने इतक्या जणांना निरोप पाठवला. २४३ जणांना सांगितले यजमान जिंकणार, २४३ जणांना बरोबरी, २४३ जणांना पाहुणे. सामना संपला. एका गटाचे खरे ठरले. बाकीच्यांना पुन्हा निरोप पाठवायचा नाही. उरले किती?’’

‘‘२४३.’’

‘‘त्यांचे पुन्हा तीन भाग. दुसऱ्या सामन्यानंतर?’’

‘‘८१.’’ मग त्याने माझ्या हातातून पेन घेतले आणि स्वतःच लिहिले. तिसऱ्यानंतर २७. चौथ्यानंतर ९.

‘‘या नऊ जणांना काय वाटत असेल?’’ मी विचारले.

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. फोन त्याच्या मांडीवर होता, त्यावर एक नवा निरोप येऊन पडला होता.

‘‘मामा, मग ते उरलेले सातशेवीस जण कोण असतील रे?’’

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. तिकडे सामना सुरू झाला असणार.