जखम धुणारा डॉक्टर

सोयाबीनची काढणी सुरू झाली की गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या हाताला विळा लागतो. रक्त येतं. मग चार माणसं चार उपाय सांगतात. कुणी म्हणतो, चिमूटभर माती दाबा. कुणी तंबाखू लावायला सांगतो, कुणी हळद. दवाखान्यात जा, असं मात्र कुणी म्हणत नाही. "एवढ्याशा जखमेला डॉक्टर कशाला?" असं म्हणून आपण पुन्हा कामाला लागतो.

आम्ही शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. जवळच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याच्या पायात खिळा गेला. घरच्यांनी जखमेवर शेण बांधलं. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. अंग धनुष्यासारखं वाकलं. तो धनुर्वात होता. घरातला कर्ता माणूस गेला. आणि जखम केवढी? बोटाच्या टोकाएवढी.

ही गोष्ट मनात ठेवा. आता आपण एका डॉक्टरांची हकिकत वाचू. त्यांचं नाव द्वारकानाथ कोटणीस. ते आपल्या महाराष्ट्रातलेच, सोलापूरचे. परक्या देशातल्या खेड्यांत राहून त्यांनी हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसांच्या जखमा धुतल्या.

चीनला कसे गेले?

कोटणीसांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण घेण्याच्या तयारीत होते.

१९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली. चीनमध्ये जखमी फार आणि डॉक्टर थोडे. तिकडचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता. आपल्याच घरी अडचण! तरीही काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना हाक दिली. वर्गणी जमली. पाच डॉक्टर तयार झाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि कलकत्त्याचे बसू व मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पाच जण मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये पोचून काही महिने झाले, तोच कोटणीसांना घरून वडील गेल्याची बातमी आली. सोबत्यांनी सांगितलं, परत जा. ते गेले नाहीत. हाती घेतलेलं काम टाकून जाणं त्यांच्या मनाला पटलं नाही.

तिथला दवाखाना

दवाखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पक्की इमारत, पांढऱ्या खाटा आणि विजेचे दिवे येतात. उत्तर चीनच्या डोंगरातल्या लढाईच्या मुलखात असं काही नव्हतं. शेतकऱ्यांची घरं हाच दवाखाना. तिकडच्या घरांत विटामातीचा मोठा ओटा असतो. त्याच्या खालून चुलीची धग जाते. थंडी कडाक्याची, म्हणून माणसं त्या ओट्यावर निजतात. जखमी शिपायांनाही तिथंच निजवीत. घरची बाईमाणसं त्यांना खाऊ-पिऊ घालीत.

शत्रू जवळ आला की सगळा दवाखाना उचलायचा. औषधं खेचरांवर लादायची, जखमी डोलीत घालायचे आणि डोंगर चढायचा. डॉक्टरांचं जेवण शिपायांचंच. आपल्याकडे पूर्वी राळे पिकत. तसल्याच राळ्याचा भात आणि थोडी भाजी.

डॉक्टरचा दिवस

पुष्कळांना वाटतं, मोठा डॉक्टर म्हणजे चाकू चालवणारा. चाकूचं काम असतंच. पण अशा ठिकाणी डॉक्टरचा बराच दिवस साध्या कामात जातो. सकाळी घरोघर जाऊन एकेक जखमी पाहायचा. कालची पट्टी सोडायची. जखमेला वास येतो का, कडेला लाली चढली का, पू झाला का, ते बघायचं. जखम धुवायची, नवी पट्टी बांधायची. ताप पाहायचा. मोडलेल्या हाडाला लाकडाच्या पट्ट्या नीट बसल्या की नाही, ते तपासायचं.

हे सगळं कशासाठी? मातीत, शेणात, मळक्या कापडात बारीक जंतू असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. जखमेतून ते अंगात शिरतात आणि वाढतात. जखम चिघळते, विष रक्तात भिनतं. आज आपल्याकडे त्यावर चांगली औषधं आहेत. तेव्हा पेनिसिलिनसुद्धा बाजारात आलेलं नव्हतं. म्हणून उकळलेलं पाणी, उकळलेली हत्यारं, धुतलेले हात आणि स्वच्छ पट्टी हीच मोठी औषधं होती.

लढाई पेटली की मात्र दिवस-रात्र एक व्हायची. १९४० सालच्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी तीन दिवस आणि तीन रात्री न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात. त्या लढाईत त्यांनी आठशेंवर जखमींवर उपचार केले.

एका बोटाची जखम

कोटणीसांच्या आधी त्या मुलखात नॉर्मन बेथून नावाचे कॅनडाचे नामांकित डॉक्टर होते. १९३९ साली शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं. तशाच बोटाने त्यांनी दुसऱ्या जखमींवरही शस्त्रक्रिया केल्या. जंतू बोटात शिरले, विष अंगभर पसरलं. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. पाहा, एवढा मोठा डॉक्टर! पण बोटाच्या जखमेने त्यालाही सोडलं नाही. मग आपण कोण?

बेथून यांच्या नावाने तिथे दवाखाना चालू राहिला. १९४१ साली कोटणीस त्याचे प्रमुख झाले.

शिकवलेले हात

एवढ्या जखमींना एक डॉक्टर कसा पुरणार? कोटणीसांनी ते ओळखलं होतं. ते चिनी भाषा शिकले, बोलायलाही आणि लिहायलाही. रोग्याचं दुखणं त्याच्याच बोलीत विचारू लागले. दवाखान्याला जोडून शाळा होती. तिथे ते तरुण मुलामुलींना चिनी भाषेत शस्त्रक्रियेची विद्या शिकवीत. त्यांच्यासाठी पाठही लिहीत. डॉक्टर आज आहे, उद्या नाही. शिकवलेले हात मागे राहतात.

तिथल्या लोकांनी त्यांना आपलं मानलं. सावळा रंग आणि आईसारखी माया, म्हणून शिपाई त्यांना 'काळी आई' म्हणत. आपण काळी आई कुणाला म्हणतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

१९४१ साली त्यांनी तिथल्याच परिचर्या शिकवणाऱ्या को छिंगलान या बाईंशी लग्न केलं. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन.

पण कोटणीसांची तब्येत ढासळली होती. त्यांना फेफरं येऊ लागलं. विश्रांतीसाठी जा, असं सांगूनही ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. वय अवघं ३२. मूल चार महिन्यांचंही नव्हतं. बरोबर गेलेले चौघे पुढेमागे मायदेशी आले. पाचवा आला नाही. चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे.

आपल्यासाठी काय?

कोटणीसांसारखं परदेशी जाणं आपल्याला जमणार नाही. पण त्यांनी जे काम रोज केलं, त्यातलं थोडं आपल्या अंगणात जमेल.

जखम झाली की आधी आपले हात साबणाने धुवा. मग स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. धुतलेलं कापड बांधा. माती, शेण, तंबाखू लावू नका. आपल्या वसमतची हळद सोन्यासारखी खरी, पण तिची जागा फोडणीत. मग आरोग्य केंद्रात जाऊन जखम दाखवा आणि धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारा. खिळा रुतला असेल तर मुळीच उशीर करू नका. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल, तर धुण्यातही वेळ घालवू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि तडक डॉक्टरकडे चला.

आणखी एक. गावात आशाताई येतात, उपकेंद्रात सिस्टर असतात. तेही शिकवलेले हातच आहेत. त्यांचं ऐका. वाडीतल्या त्या शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी असा एक हात असता, तर तो माणूस आज नातवंडांत बसला असता.

आपसांत बोला

१. तुमच्या घरी जखमेला काय लावतात? का लावतात?
२. कोटणीस चिनी भाषा का शिकले?
३. तुमच्या गावाचं उपकेंद्र कुठे आहे? तिथल्या सिस्टरचं नाव लिहून काढा.