हाताला काम, मनाला आराम : हार ओवण्याचा छंद



छंद कोणाला नसतो? कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, तर कोणी पाखरांची पिसे. सगळे छंद चांगलेच. पण आज मी ज्या छंदाची माहिती देणार आहे, त्याला खर्च जवळजवळ नाहीच. सुई, दोरा आणि कुंपणावरची फुले एवढ्यावर काम भागते. तो छंद म्हणजे फुलांचे हार, तोरणे, गजरे आणि पुष्पचक्रे करणे.

आपल्याकडे हार कुठे लागत नाही? दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण, पाडव्याला गुढीला माळ, पोळ्याला बैलांच्या गळ्यात हार. घरात नवी सायकल आली तरी पहिला हार तिला! हुतात्मा स्मारकावर वाहतात ते पुष्पचक्र, तेही फुलापानांचेच. पण पुष्कळदा आपण हार विकत आणतो आणि घालून मोकळे होतो. हार करण्यात जे सुख आहे, ते आपल्या हातून निसटते.

मन शांत कसे होते?

हार ओवताना हात एकच काम पुन्हा पुन्हा करतात. फूल उचला, सुई घाला, मागे सरकवा. पुन्हा फूल उचला. नजर सुईच्या टोकावर ठेवावी लागते, नाहीतर बोटाला टोचते. हात आणि डोळे असे एका ठिकाणी गुंतले, की मनाला इकडेतिकडे धावायला वाव राहत नाही. घाई करून चालत नाही, कारण ओढाताण केली की पाकळ्या गळतात. मग आपोआप सावकाश बसण्याची सवय लागते. शिवाय हार वाढताना डोळ्यांना दिसतो. वीतभर झाला, हातभर झाला, असे पाहून आनंद होतो.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. आजोबा वारल्यापासून त्या रोज सकाळी अंगणातली फुले खुडून त्यांच्या फोटोसाठी छोटा हार करतात. मी एकदा विचारले, “आजी, रोज रोज कंटाळा नाही का येत?” त्या म्हणाल्या, “हात चालतो ना बाळा, तवर मन गप बसतं. न्हाईतर दिवस खायला उठतो.” परीक्षेची भीती असो, मैत्रिणीशी झालेले भांडण असो, की घरातली काळजी असो, हार केल्याने ती नाहीशी होत नाही. पण अर्ध्या तासाने उठल्यावर डोके हलके वाटते, एवढे मात्र खरे.

तोरण कसे करावे?

दुहेरी दोरा घ्यावा. दारापेक्षा दोन विती जास्त ठेवावा, म्हणजे गाठी मारता येतात. झेंडूचे देठ खुडून सुई देठाकडून घालून फुलाच्या मधून वर काढावी. अधूनमधून आंब्याचे पान घडी घालून ओवावे.

फुले किती लागतील? यातही गणित आहे बरं का! आधी एक वीतभर ओवून फुले मोजा. आमच्या वर्गाचे दार ५ विती भरले. एका वितीत ९ फुले बसली. म्हणून ५ × ९ = ४५ फुले. दोन्ही बाजूंना वीतभर लोंबणारे सर सोडायचे, त्यांची १८ फुले. सर सोडायचे म्हणून दोराही २ विती जास्त. एकूण ६३ फुले लागली.

गजरा आणि चक्र

गजऱ्याला सुई लागत नाही. केळीच्या सोपटाचा दोरा पाण्यात भिजवून घ्यावा. तो मऊ असल्याने नाजूक देठ कापले जात नाहीत. दोन कळ्या एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला तोंड करून धराव्यात, देठ मध्ये एकमेकांवर यावेत. देठांवर दोऱ्याचा एक वेढा द्यावा. मग बोटांवर दोऱ्याचा फास करून तो देठांवर चढवावा आणि हलकेच ओढावा. शिकायला अबोली बरी. तिला वास नसतो, पण ती लवकर सुकत नाही. सिंधुदुर्गाकडे सुरंगीच्या फुलांचे वळेसर करतात, त्यांचा वास घरभर दरवळतो.

चक्रासाठी निरगुडीच्या ओल्या फांद्या वाकवून गोल करावा आणि सुतळीने बांधावा. पाने व फुले यांच्या लहान जुड्या एकाच दिशेला तोंड करून बांधत जावे. प्रत्येक जुडीने मागच्या जुडीचे देठ झाकावेत. गोल पुरा झाला की चक्र तयार.

काळजी काय घ्यावी?

फुले सकाळी खुडावीत. एका झाडाची सगळी फुले ओरबाडू नयेत. मधमाशांनाही काही ठेवावीत. मारुतीसाठी रुईचा हार करताना तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कण्हेर विषारी असते, म्हणून ती हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. दुसऱ्याच्या कुंपणातले फूल विचारूनच घ्यावे.

काही मुले म्हणतात, “हे तर मुलींचं काम!” त्यांनी देवळातल्या गुरवकाकांना पाहावे. मुंबईला दादरच्या फुलबाजारात जाणाऱ्यांनी तिथे हार करणारे पुरुष पाहावेत. त्यांची बोटे किती भराभर चालतात!

बाजारात प्लॅस्टिकचे हारही मिळतात. ते वर्षभर टिकतात आणि धूळ खातात. फुलांचा हार दोन दिवसांत कोमेजतो, म्हणून वाईट वाटायला नको. गावठी झेंडूचे तोरण वाळले की फुले चुरगाळा. आत काळ्या टोकदार काड्यांसारखे बी असते. ते पावसाळ्याच्या तोंडाला पेरा. दसऱ्याला पुन्हा फुले हजर! झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पण असा पेरत पेरतच तो आपल्या अंगणातला झाला.

पालकांना विनंती, की मूल हार करत बसले तर ‘अभ्यास सोडून काय करतोस’ असे लगेच म्हणू नका. जमल्यास शेजारी बसा आणि दोन फुले तुम्हीही ओवा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही पाच-सहा जण पारावर बसतो. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सुई-दोरा घेऊन यावे. फुले आपण सगळे मिळून आणू.

— इयत्ता सातवी