बीबीसी मायक्रोला पिको जोडताना

आपल्या शाळांमध्ये संगणक पहिल्यांदा आला तो अनेक ठिकाणी बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ साली काढला आणि १९८४-८५च्या ‘क्लास’ प्रकल्पातून तो भारतभरातल्या शाळांत पोचला. माझ्याकडचा असाच एका शाळेच्या अडगळीतून आलेला. फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, म्हणून आता त्याच्या यूजर पोर्टला, म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायच्या कनेक्टरला, रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जोडून मेमरी कार्डावरून प्रोग्राम चढवते. पिकोमधला एआरएम प्रोसेसरही मूळचा एकॉर्नच्याच घरातला. पहिली एआरएम चिप १९८५ साली तिथेच चालली.

अशी जोडणी केली की हमखास एक तक्रार येते. दहा मिनिटं सगळं सुरळीत, मग मध्येच बाइट चुकतो. ट्यूबलाइट लावली की यंत्र अडकतं, केबलला हात लावला की पुन्हा चालतं. हा नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये घुसलेला विजेचा गोंगाट.

पुष्कळांना वाटतं, जुनं यंत्र जेमतेम २ मेगाहर्ट्झवर चालतं, त्याला कसला नॉइज बाधणार? पण नॉइज घड्याळाच्या वेगावर ठरत नाही. सिग्नल शून्यावरून एकवर किती झटक्यात चढतो, त्यावर ठरतो. पिकोची पिन काही नॅनोसेकंदांत चढते. लांब, सुट्या वायरीवर असा झटका गेला की टोकाला व्होल्टेज वरखाली डोलतं. त्या काळच्या टीटीएल चिपसाठी ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक; मधल्या पट्ट्यात काहीही वाचलं जाऊ शकतं. एका इशाऱ्याचे दोन मोजले गेले, की पुढचे सगळे बाइट सरकतात.

पहिला संशयित ग्राउंड. यूजर पोर्टचा कनेक्टर जवळून बघा. २० पिना. सम क्रमांकांवर दहा सिग्नल, त्यांतले आठ डेटाचे. विषम क्रमांकांपैकी १ आणि ३ वर ५ व्होल्ट, उरलेल्या आठही पिना ग्राउंड. ही उधळपट्टी नाही. सिग्नलमधून गेलेला प्रवाह ग्राउंडवाटेच परततो, म्हणून प्रत्येक डेटा-सिग्नलच्या शेजारी त्याची परतीची वाट ठेवलेली आहे. आपण मात्र एकच जंपर ग्राउंडला लावतो. आठही डेटा-सिग्नल एकदम बदलले की त्या एका वायरीवर सगळा भार येतो आणि ग्राउंडच क्षणभर वर उचललं जातं. म्हणून वीतभर लांबीची रिबन केबल घ्या आणि आठही ग्राउंड जोडा. पाठवणाऱ्या टोकाला प्रत्येक सिग्नलमध्ये ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर घाला, डोलणं शमतं. पिकोच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून मध्ये ३.३ व्होल्टवर चालणारी ७४एलव्हीसी२४५ ही बफर चिप बसवा आणि तिच्या सप्लायच्या पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

दुसरा संशयित पिकोला यूएसबीने जोडलेल्या लॅपटॉपचा दोन-पिनी अडॅप्टर. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला टेस्टर लावला की मंद पेटतो, ती अडॅप्टरच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज. यूएसबी जोडताच ती सिग्नलच्या ग्राउंडवरून वाट काढते. तपासणी सोपी आहे: अडॅप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चुका थांबल्या, तर दोषी सापडला. केबल जोडताना दोन्ही यंत्रं बंद असू द्या आणि संगणकाचा थ्री-पिन प्लग खरं अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा.

तिसरा संशयित जुना पॉवर सप्लाय. त्यातले कागदी फिल्टर कपॅसिटर तडकून धूर काढतात आणि सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे ५ व्होल्टवर लहरी येतात. तो डबा उघडणं नवख्याचं काम नाही. प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.

प्रोग्राममध्ये विलंब वाढवून नॉइज झाकता येतो, पण तो जात नाही. आधी ग्राउंड, मग सप्लाय, मग केबल तपासा. सॉफ्टवेअरला हात सगळ्यात शेवटी. तुमच्या शाळेच्या अडगळीत असा संगणक असेल तर भंगारात देऊ नका. फक्त प्लग लावण्याआधी त्याचा सप्लाय जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.