कनेक्शन एक, मोबाइल सात
डिंभे धरणाच्या कालव्यावर वरच्यांनी मोटारी लावल्या की शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही. आमच्या घरच्या इंटरनेटचे तसेच झाले. ऐन लग्नसराईत साड्यांचे फोटो गिऱ्हाइकाला जाईनात. एक ऑर्डर हातची गेली. आम्ही कंपनीला बोल लावत होतो. शेवटी सातही मोबाइल वायफायवरून काढले, लॅपटॉप वायरने राउटरला जोडला, तर वेग ठरल्याप्रमाणे ४० एमबीपीएस! (म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइटच, गज आणि मीटरसारखाच हा घोळ.) चोर घरातच होता. मुलाचा मोबाइल दिवसभर व्हिडिओंचा बॅकअप पाठवत होता, आणि जाणारी वाट तुंबली की येणारेही अडते. बॅकअप रात्रीवर टाकला. राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंचावर ठेवला. जवळचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतला; जाड भिंतीपलीकडच्या मोबाइलांना २.४ च बरे.